जुना वाडा दुरुस्तीला काढताना : आधी पाणी, मग लाकूड, शेवटी रंग

वाटणीत वाडा हाती आला, किंवा गावातलं पणजोबांचं घर नावावर झालं, की आठवड्याभरात दोन सल्ले मिळतात. पहिला : पाडा आणि नवीन बांधा. दुसरा : सिमेंटचा गिलावा मारा, खाली चकचकीत फरशी टाका, रंग द्या, नव्यासारखं दिसेल. पहिल्या सल्ल्याने वाडा आठ दिवसांत जातो. दुसऱ्याने जायला दहा-पंधरा वर्षं लागतात, पण जातोच, आणि जाताना आपण त्याच्यावर बराच पैसाही घातलेला असतो.

ज्यांना या दोन्ही वाटांनी जायचं नाही, आणि ज्यांनी असं काम आधी कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डोळ्यासमोर मुख्यतः देशावरचा वाडा आहे : पुणे, सातारा, वाई, नगर, नाशिक या पट्ट्यातला. घडीव दगडाचं जोतं, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे पातळ भाजक्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती, चौक, त्याभोवती ओसरी, वर कौलं. कोकणातलं जांभ्याचं घर आणि मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगेन.

सगळ्या कामात क्रम महत्त्वाचा. पाणी आधी, लाकूड नंतर, भिंती त्यानंतर, रंग सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हे उलटं होतं. पाहुणे येणार म्हणून आधी रंग लागतो आणि पुढच्या आषाढात तो पोपडे होऊन खाली येतो.

आधी कागद

शहरात असाल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. त्यावर किती नावं आहेत ते बघा. जुन्या वाड्यांवर दहा-बारा वारसांची नावं असणं नेहमीचंच, त्यातली निम्मी माणसं बाहेरगावी किंवा परदेशात. सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही वीट हलवू नका. काम अर्ध्यावर असताना एका चुलतभावाने हरकत घेतली, तर उघडं पडलेलं छप्पर पावसात तसंच राहतं, आणि त्यात होणारं नुकसान मूळ पडझडीपेक्षा मोठं असतं. भाडेकरू असतील तर त्यांच्याशीही आधीच बोला. काम चालू असताना त्यांनी कुठे राहायचं आणि परत कधी यायचं हे कागदावर आणा.

मग वाडा वारसा यादीत आहे का ते महापालिकेत किंवा नगरपालिकेत विचारा. यादीतल्या इमारतींना श्रेणी असते. वरच्या श्रेणीत दर्शनी भागच नव्हे, आतलाही बदल परवानगीशिवाय करता येत नाही. खालच्या श्रेणीत आत बरीच मोकळीक मिळते. यादीत नाव असणं म्हणजे संकट, असं मालकांना वाटतं. माझं मत उलटं आहे. यादीमुळे बिल्डरचा तगादा कमी होतो, आणि नियमावलीत अशा मालकांसाठी हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची (इथे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची), तरतूद आहे. तुमच्या मिळकतीला ती लागू होते का याची चौकशी अर्ज करूनच करा, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या कसबा, शनिवार पेठेतल्या लोकांना चांगली ठाऊक आहे, इतरांना नसते. केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक जवळ असेल, जसा शनिवारवाडा, तर २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, मात्र आधीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे वाडा पाडलात तर त्या जागी पुन्हा बांधता येईलच असं नाही. पाडायला निघालेल्या कुटुंबांनी हे आधी समजून घ्यावं.

धोकादायक इमारत म्हणून नोटीस आली असेल तर ती फायलीत दाबून ठेवू नका. आधी धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू, लावा, संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्या आणि मुदतीत उत्तर द्या.

एक पावसाळा नुसता बघा

घाई नसेल आणि घर उभं राहण्याजोगं असेल, तर पहिला पावसाळा कामाला हात न लावता घालवा. फार तर फुटकी कौलं बदला, प्लास्टिकचा कागद टाका. बाकी वही आणि पेन घेऊन पाण्याच्या मागे फिरा. कुठल्या खणात गळतं, पाऊस थांबल्यावर किती वेळ गळत राहतं, चौकातलं पाणी कुठून बाहेर जातं, रस्त्यावरचं पाणी दिंडी दरवाज्यातून आत येतं का, भिंतीची ओल खालून वर चढते की वरून खाली उतरते. खालून चढणारी ओल जोत्याच्या वर साधारण कमरेइतक्या उंचीवर एका वाकड्यातिकड्या रेघेत थांबते, आणि त्या रेघेवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटतो. वरून उतरणारी ओल छताच्या कोपऱ्यातून ओघळासारखी येते. दोन्हींचे उपाय वेगळे. मे महिन्याच्या कोरड्या भिंतीकडे बघून हा फरक कुणालाही सांगता येत नाही, कितीही अनुभवी माणूस आणा.

याच काळात भेगांवर नजर ठेवा. प्रत्येक मोठ्या भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी घ्या, तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच दिवाळीपर्यंत अखंड राहिली तर भेग जुनी आहे, भिंत तिच्या जागी स्थिरावली आहे. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि ती भेग नुसती बुजवून काही होणार नाही. खाली पाया खचतो आहे की वर तुळई सरकते आहे ते शोधावं लागेल. दहा-वीस रुपयांच्या काचेवरून जे कळतं ते नुसत्या नजरेने कळत नाही.

मोजणी, फोटो, आणि योग्य माणसं

काहीही काढण्याआधी सगळ्याची नोंद करा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, जमीन, प्रत्येक दार-खिडकी, कोनाडे, बळद (धान्य साठवायची जागा), यांचे फोटो घ्या. वाड्यात लांबी खणांत मोजतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. तसाच नकाशा काढा आणि खांबांना क्रमांक द्या : पूर्व ओसरी १, २, ३. पुढे सुताराशी बोलताना ‘तो कोपऱ्यातला खांब’ म्हणण्याऐवजी क्रमांक सांगता येतो, आणि सोडवलेला प्रत्येक हस्त (खांबावरचा तुळईखालचा आधार), प्रत्येक महिरप परत त्याच जागी जाते. लाकडावर खडूने लिहू नका, पुसलं जातं. पत्र्याचा बिल्ला दोरीने बांधा.

माणसं निवडताना पदवीपेक्षा काम बघा. वारसा संवर्धनाचं शिक्षण घेतलेले वास्तुरचनाकार आता मोठ्या शहरांत मिळतात. इन्टॅक ही संस्था १९८४ पासून या क्षेत्रात आहे, तिच्या स्थानिक शाखेकडे चौकशी केली तर नावं कळतात. संरचना अभियंता मात्र असा हवा ज्याने मातीत आणि चुन्यात बांधलेल्या इमारती पाहिल्या आहेत. आरसीसीवर, म्हणजे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटवर, वाढलेला अभियंता लाकडी सांगाडा थोडा कललेला पाहून पाडायचा सल्ला देतो, कारण त्याला तो मोजायचा कसा हेच शिकवलेलं नसतं. असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या.

गवंड्याला एकच विचारा : चार पावसाळे झालेलं चुन्यातलं काम कुठे केलं आहे? ते जाऊन बघा. ताजं काम सगळंच छान दिसतं. सुताराला जुना सांधा उघडून परत बसवायला सांगा, त्याचा हात लगेच कळतो.

पहिलं खरं काम : पाणी बाहेर

सुरुवात छपरापासून. कौलं उतरवून रिपा आणि वासे तपासा, कुजलेले तेवढेच बदला. जुनी कौलं चांगली भाजलेली असतात, हलक्या टिचकीवर खणखणीत वाजतात. अशी कौलं धुऊन परत वापरा, आणि नवीन आणलेली मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर, घाला म्हणजे दर्शनी बाजू एकसारखी राहते. खरी गळती आढ्यावर आणि दोन पाखी मिळतात त्या खोबणीत असते. चौकाच्या चारही कोपऱ्यांत अशा खोबणी आहेत, आणि बहुतेक वाड्यांत तिथलाच खांब पहिला कुजलेला सापडतो. तिथला जुना पत्रा पूर्ण काढून नवा, रुंद आणि दोन्ही बाजूंना कौलांखाली चांगला आत जाणारा बसवा. पैसे वाचवायची ही जागा नाही. पन्हळींना उतार द्या आणि त्यांचं पाणी जोत्यापासून लांब सोडा.

कोकणात हे काम दरवर्षीचंच, घर शाकारल्याशिवाय मृगाला सामोरं कुणी जात नाही. तिथे काळजी वेगळी. जांभा पाणी पितो आणि भिंत मातीत रचलेली असते, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून जितक्या दूर पडतील तितकं बरं. पाख्यांचा बाहेर आलेला भाग ‘जागा अडते’ म्हणून छाटू नका.

मराठवाड्यातलं आणि सोलापूरकडचं माळवद हा स्वतंत्र विषय आहे. दरवर्षी पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा ही रीत चांगली, पण जुना झिजलेला थर न काढताच नवा टाकत गेलं की वजन वाढतं. कोरडी माती घनमीटरला साधारण दीड टन भरते. म्हणजे वीतभरापेक्षाही कमी, १५ सेंटिमीटरचा जादा थर प्रत्येक चौरस मीटरवर सव्वादोनशे किलो वजन घालतो, आणि भिजल्यावर आणखी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं मिळून माणसांवर आली. त्याच गावांत जिथे लाकडी खणांचा सांगाडा नीट होता, तिथे भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी छत खांबांवर तसंच उभं राहिलं. म्हणून माळवद उतरवून हलकं करा, खालची किलचनं (कड्यांवरच्या लाकडी पट्ट्या) तपासा, लागेल तेवढीच माती परत घाला. आणि खोली मोठी दिसावी म्हणून मधला खांब काढायची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा.

छपरानंतर जमीन. पुण्यातल्या जुन्या पेठांत डांबराचे थर चढत चढत रस्ता वर आला आणि वाड्याची जोती खाली गेली. ज्या दाराला पूर्वी पायऱ्या चढून जावं लागे, तिथे आज पायरी उतरून जावं लागतं. रस्ता आपण खाली आणू शकत नाही, पण भिंतीलगत दगडी किंवा विटांची उघडी गटार काढून पाणी वळवता येतं. जोत्याला लागून टाकलेला काँक्रीटचा पट्टा फोडा. तो असेपर्यंत जमिनीतल्या ओलीला बाहेर पडायची वाट भिंतीतूनच असते. आतल्या खोल्यांतही तेच : शहाबादी फरशी किंवा कोबा काढून सांधेबंद टाइल्स बसवल्या की ओल भिंतीत चढते. जुन्या पुण्यात खोदकाम जपून करा. कात्रजच्या तलावातून हौदांपर्यंत पाणी आणणारे पेशवेकालीन नळ आणि त्यांचे उच्छ्वास (हवा खेळण्यासाठी ठेवलेली तोंडं) पेठांच्या पोटात आहेत.

पिंपळ, वड, उंबर यांची रोपं दरजांत उगवलेली दिसतील. बोटाएवढी असताना मुळासकट निघतात. पिंपळ तोडायला घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन होत नाही, तेव्हा लहान रोप सोडवून नदीकाठी किंवा देवळाच्या आवारात लावा, ते जगतं. मनगटाएवढी मुळं मात्र ओढून काढू नका, भिंतीचा तेवढा भाग बरोबर येतो. खोड कापायचं, मुळं जागेवर मारायची, मग भिंत थोडी थोडी उलगडून ती काढायची आणि लगेच चुन्यात भरायची.

लाकूड : टोचून बघा

सागवान बाहेरून उत्तम दिसतं आणि आतून पोकळ असू शकतं, त्यामुळे नजरेवर जाऊ नका. हातात एक अणकुचीदार दाभण किंवा बारीक पेचकस घ्या आणि तीन जागा तपासा : तुळईची भिंतीत शिरलेली टोकं, खांबाचा तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकलेला पाय, आणि पन्हळीखालचे वासे. निरोगी सागात दाभण दोन-तीन मिलिमीटरवर अडतं. कुजलेल्यात लोण्यासारखं आत जातं. मग लाकडी मोगरीने ठोकत जा. भरीव आवाज कुठे बदलतो तिथे खडूने तात्पुरती खूण करा, म्हणजे कुज कुठपर्यंत आहे याचा अंदाज येतो.

वाळवी दिसली तर मातीच्या नळ्या पुसून समाधान मानू नका. वाळवी ओलीच्या मागे येते. पाणी बंद झालं की अर्धं काम झालं, उरलेलं जोत्याच्या कडेने आणि लाकडात औषध भरून जाणकाराकडून करून घ्या. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, ती आजही उपयोगी आहे, फक्त ते तेल कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे घाला.

आता दुरुस्ती. अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. खांबाचा पाय वीतभर कुजला असेल तर वरची तुळई धिऱ्यांवर उचलून धरायची, कुजका भाग तिरका कापायचा आणि त्याच जातीच्या मुरलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, आरपार न गंजणारे बोल्ट घालून. तुळईचं टोक गेलं असेल तरी हाच मार्ग, किंवा दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या. धिरे नेहमी खालच्या भक्कम जमिनीपर्यंत न्या. नुसत्या कडीपाटावर, म्हणजे कड्या आणि फळ्यांच्या लाकडी मजल्यावर, टेकवलेला धिरा खालचा मजला घेऊन बसतो. एका वेळी एकच खांब उघडा.

जोडीला लाकूड जुनंच घ्या. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया जुन्या बाजारात मिळतात, आणि शतकभर वाळलेला साग नव्यासारखा फिरत नाही. साध्या तुळया, कड्या, तक्ते जरूर घ्या. पण सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले) खांब, कोरीव हस्त, गणेशपट्टीच्या चौकटी विकत आणून आपल्या वाड्यात बसवू नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे. त्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे म्हणूनच कितीतरी वाडे आतून सोलले जातात. आपल्याकडे नक्षी नसेल तर साधा खांब साधाच छान दिसतो. सुरूची नक्षी बघायची असेल तर पुण्यात १८०७ साली पुऱ्या झालेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्ज्याखाली उभं राहावं. सुताराला बरोबर न्या, जुने सांधे कसे बसवले आहेत हे त्याला तिथे जवळून दिसतं.

कडीपाट काढून त्या जागी आरसीसीचा स्लॅब टाकणं ही सर्वांत धोकादायक ‘सुधारणा’ आहे. लाकडी मजला हलका आणि लवचीक असतो, आणि सांगाडा त्याच हिशेबाने रचलेला असतो. स्लॅब सगळं वजन मातीच्या भिंतीवर देतो, आणि ती भिंत वजन घ्यायला बांधलेलीच नसते.

भिंती आणि चुना

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

जुनी भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसात ओलावते, थंडी-उन्हाळ्यात वाळते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा तिला हे करू देतो. सिमेंट करू देत नाही. ओल आत अडकते, वाट काढत वर चढते, पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या आत साखळतात आणि फुगून वीट फोडतात. वाईकडच्या एका वाड्यात असा सिमेंटचा गिलावा उतरवताना मी जवळ उभा होतो. छिन्नीच्या दोन घावांत ताटाएवढा पापुद्रा सुटला. सिमेंट जसंच्या तसं कडक, आणि त्यामागून विटांचा लाल भुगा धान्यासारखा ओसरीवर ओघळला. हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. बाहेरून त्या भिंतीला एक तडाही नव्हता.

तेव्हा सिमेंट असेल तर ते सावकाश काढा, हातोडा-छिन्नीने, ड्रिल मशीन न लावता. मग भिंत किमान एक कोरडा हंगाम उघडी ठेवा. लोणा फुटेल, तो कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो परत आत जातो.

दगडी भिंतीला पोट सुटलं असेल तर ते गिलाव्याखाली झाकू नका. अशी भिंत दोन अंगांची असते, मधे भर. दोन्ही अंगांना धरणारे लांब दगड कमी असले की अंगं सुटतात. थोडं पोट असेल तर ठरावीक अंतरावर आरपार बंध घालता येतात. जास्त असेल तर तेवढा भाग उलगडून, दगडांना क्रमांक देऊन परत रचावा लागतो. हा निर्णय अभियंत्याचा.

आता चुना. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजली की कळीचा चुना मिळतो. चांगली कळी हलकी असते आणि पाण्यात टाकताच उकळते. ती विरवण्याची पद्धत अशी :

१. जमिनीत विटांचा हौद करा किंवा मोठं लोखंडी पिंप घ्या. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं कधीही करू नका. कळीवर पाणी ओतलं तर ती उसळून अंगावर येते. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पायांत बूट, जवळ स्वच्छ पाण्याची बादली, आणि लहान मुलं लांब.

२. ढवळत राहा, उकळी शमल्यावर जाळीतून गाळा. न विरलेले खडे फेकून द्या. ते गिलाव्यात राहिले तर महिन्यांनी फुगून फोड आणतात.

३. गाळलेला चुना वर चार बोटं पाणी राहील असा झाकून ठेवा. पंधरा दिवस तरी, जमल्यास दोन-तीन महिने. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

४. बांधकामासाठी आणि गिलाव्याच्या खालच्या थरासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू इथून सुरुवात करा. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची बारीक पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. पूर्वी हे मिश्रण बैलाच्या घाणीवर मळत. आज यांत्रिक घाणी मिळते, पण मळणं चुकवायचं नाही. गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे घालायची पद्धत जुनी आहे. प्रमाण गवंड्याच्या अनुभवावर, अति गूळ घातला तर मुंग्या आणि बुरशी येते.

५. हातभर चौकोनाचे तीन-चार नमुने वेगवेगळ्या प्रमाणांत भिंतीवर मारून बघा, महिन्याने त्यातला न तडकलेला, नखाने न सुटणारा निवडा.

गिलावा मारण्याआधी भिंत भरपूर भिजवा, नाहीतर ती चुन्यातलं पाणी शोषून घेते. थर बोटभर जाडीच्या आत, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर. गोणपाटं ओली करून आठवडाभर तरी झाकून ठेवा. चुना हवेतला कर्ब वायू घेत हळूहळू दगडासारखा होतो, त्याला महिने लागतात. म्हणून हे काम दसऱ्यानंतर ते माघापर्यंत करा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गिलावा तडकतो, पावसाळ्यात वाळत नाही.

दगडी दरजा भरायलाही चुनाच. सिमेंटच्या फुगीर दरजा ओल कोंडतात आणि दगडाच्या कडा झिजतात.

पांढऱ्या मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा, भुसा आणि शेण घालून, वर चुन्याचा हात. मातीवर थेट जाड चुना धरत नाही.

रंग खरवडण्याआधी

शतकभराच्या सफेदीखाली भित्तिचित्रं असू शकतात. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ती आजही बघायला मिळतात, आणि वाई-सातारा भागात अशी परंपरा होती. तेव्हा माजघर, दिवाणखाना, देवघर अशा खोल्यांत आधी तळहाताएवढ्या दोन-तीन जागी पातळ पात्याने एकेक थर उतरवून बघा. रंगाची रेघ दिसली की हात थांबवा. पुढचं काम गवंड्याचं नाही, प्रशिक्षित संवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते.

कोरीव लाकडावर ऑइलपेंटचे थर असतात. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, करणारे लोक भेटतील, त्यांना नको म्हणा. नक्षीची धार कायमची जाते. रंग काढायचं द्रावण आधी मागच्या बाजूला छोट्या जागी लावून बघा, मऊ ब्रशने सोडवा. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा तोंडाला चांगला मास्क हवा. हीटगन वाड्यात वापरूच नका. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात पुरे. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

वीज आणि न्हाणीघर

१८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातल्या लाकडी इमारती गेल्या, राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. आजच्या वाड्यांना सर्वांत मोठी भीती जुन्या वायरिंगची आहे. सगळं वायरिंग नव्याने करा, प्रत्येक चौकाला वेगळं सर्किट, एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा खटका) आणि गळती ओळखणारा स्विच. तारा लाकडातून कोरून नेऊ नका, तुळईच्या कडेने न जळणाऱ्या नळीतून न्या. अग्निशामक नळकांडी जिन्याशी, देवघराजवळ आणि स्वयंपाकघरात ठेवा.

न्हाणीघर आणि संडास मागच्या चौकात किंवा परसात, जमिनीवर बांधा. वरच्या लाकडी मजल्यावर न्हाणीघर करायचा मोह टाळा. ते कितीही नीट केलं तरी गळतं, आणि गळती दिसेपर्यंत खालची कडी गेलेली असते. वयस्क माणसं वर राहत असतील तर त्यांची खोलीच खाली आणा.

पैसे आणि वेळापत्रक

अंदाजपत्रकात चौथाई रक्कम अनपेक्षित कामासाठी बाजूला ठेवा. जुन्या घरात गिलावा उतरल्यावरच काम कळतं. सगळ्या वाड्याचं ठोक कंत्राट देऊ नका, ठेकेदार वेळ वाचवायला सिमेंट वापरतो. कामाच्या प्रकारानुसार मोजमापावर दर ठरवा, सुताराला रोजावर ठेवा. पैसे कमी असतील तर छप्पर आणि गटारं करा आणि थांबा. कोरडा राहिलेला वाडा बाकीच्या कामांसाठी पाच वर्षंही वाट बघतो.

साधारण चक्र असं धरा : फाल्गुन ते वैशाख छप्पर, पन्हळी, गटारं. पावसाळ्यात लाकडाची तपासणी आणि चुना मुरवायला घालणं. दसऱ्यानंतर सांगाड्याची दुरुस्ती, मग भिंती. पुढच्या पावसात गळतं का ते बघून त्यानंतरच्या थंडीत आतलं काम आणि चुन्याची सफेदी. भिंतीला प्लास्टिक पेंट लावलात तर चुन्यावर केलेला सगळा खर्च वाया जातो, कारण तो पुन्हा ओल कोंडतो.

काम संपल्यावर दरवर्षी मे महिन्यात एक दिवस राखून ठेवा : सरकलेली कौलं, पन्हळीतला पालापाचोळा, दरजांतली रोपं, खांबांचे पाय. दाभण त्याच दिवशी फिरवा. कुठे काय केलं, कुठलं मिश्रण वापरलं, कुठला सांधा बदलला याची नोंद फोटोंच्या फायलीत लिहीत जा, आणि तिची एक प्रत घरातल्या पुढच्या पिढीतल्या कुणाकडे तरी द्या. हौदात उरलेला चुना फेकू नका. वर पाणी ठेवून झाकलात तर तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि पुढच्या वर्षी सुटलेल्या दरजांना तोच लागेल.